विश्लेषण : मेपल सिरपला जगभर हमी, मग कोल्हापूरच्या काकवीला का नाही?

मार्च महिना दोन टोकांच्या दोन गोडव्यांचा आहे. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात बर्फ वितळू लागले, की मेपलच्या झाडांना छिद्रे पाडून रस गोळा करण्याचा हंगाम सुरू होतो. त्याच सुमारास कोल्हापूर जिल्ह्यात उसाचा हंगाम आवरत येतो आणि पन्हाळा, करवीर, कागल तालुक्यांतील गुऱ्हाळांची चुलवाणे एकेक करून विझतात. दोन्हीकडे काम एकच आहे. झाडाचा रस आटवायचा, पाणी उडवायचे, गोडवा मागे ठेवायचा. मात्र, मेपल सिरपची लहानशी बाटली भारतातील मॉलमध्ये काही शे रुपयांना विकली जाते आणि काकवी अजून रस्त्याकडेच्या टपरीवर, जुन्या बाटलीत, विना लेबल मिळते. कोडोलीसारख्या ऊसपट्ट्यातील गावासाठी हा फरक केवळ जाहिरातीचा नाही. तो का पडला आणि त्यातून काय घेता येईल, याविषयी…

मेपल सिरप नेमके कसे तयार होते?

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातील मूळ रहिवासी युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून हा रस आटवत आले आहेत. शुगर मेपल या झाडाच्या खोडात हिवाळ्यात साठवलेल्या पिष्टाची साखर होते. वसंत ऋतूच्या तोंडावर रात्री तापमान शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असे चक्र सुरू झाले की खोडात दाब तयार होतो. त्या काळात खोडाला काही सेंटिमीटर खोल छिद्र पाडून तोटी बसवली, की रस थेंब थेंब बाहेर येतो. हा हंगाम जेमतेम चार ते सहा आठवड्यांचा. कळ्या फुटल्या, की रसाची चव बिघडते आणि काम थांबते.

हा रस दिसायला पाण्यासारखा असतो. त्यात साखर असते अवघी २ टक्क्यांच्या आसपास. म्हणून एक लिटर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. एका तोटीतून संपूर्ण हंगामात साधारण तेवढाच रस मिळतो. म्हणजे एक तोटी, एक हंगाम, एक लिटर असा ढोबळ हिशेब. शिवाय झाडाला तोटी लावण्याइतके जाड होण्यास सुमारे ४० वर्षे लागतात.

भारतातही खोडातून थेट रस काढण्याची पद्धत आहे. बंगालमधील खजुराचा नोलेन गूळ याच प्रकारचा, तोही थंडीतच होतो. उसाचे मात्र तसे नाही. उसाची साखर कांड्याच्या पेशींत साठलेली असते. ती छिद्र पाडून बाहेर येत नाही, ऊस घाण्यात चिरडावाच लागतो. त्यापुढचे सारे काम मेपलसारखेच आहे.

काकवी आणि गूळ यांत फरक काय?

फरक आहे तो आच कधी थांबवायची याचा. घाण्यातून निघालेला रस काहिलीत येतो. चुन्याची निवळी आणि रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस टाकला, की मळी वर येते आणि ती काढून टाकली जाते. खाली चुलवाणात त्याच उसाचे वाळलेले चिपाड जळत असते. रसाचे तापमान १०५ ते १०६ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना काहील उतरवली तर काकवी मिळते. तेच आदण ११८ अंशांपर्यंत नेले तर वाफ्यात ओतून घट्ट होणारा गूळ मिळतो. अनुभवी गुळव्या हे तापमापकाने पाहत नाही. गरम पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून, बोटांत गोळी करून तो पाक ओळखतो.

मेपलवालेही पूर्वी अंदाजानेच काम करत. आता ते पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ४ अंश जास्त तापमान झाले की थांबतात. येथे बारकावा असा, की ते ठराविक अंश मोजत नाहीत, फरक मोजतात. कारण उंचीनुसार आणि हवेच्या दाबानुसार पाणी वेगवेगळ्या तापमानाला उकळते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असलेल्या कोल्हापुरात साधे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळते. त्यामुळे कोकणातील आणि कोल्हापुरातील काहिलीला एकच आकडा लावला, तर पाक चुकतो.

जास्त इंधन कशाला लागते?

येथे मेपलचा व्यवसाय चक्क तोट्याचा वाटावा असा आहे. मेपलच्या १०० किलो रसात २ किलो साखर धरली, तर ६६ टक्के घनतेचे सिरप ३ किलो होते आणि ९७ किलो पाणी उडवावे लागते. म्हणजे किलोमागे सुमारे ३२ किलो पाणी. उसाच्या रसात १०० किलोंमागे विरघळलेले घटक सुमारे २० किलो असतात. ७५ टक्के घनतेची काकवी करायची तर ती पावणेसत्तावीस किलोंच्या आसपास मिळते. किलोमागे उडवायचे पाणी अवघे पावणेतीन किलो.

थोडक्यात, एक किलो मेपल सिरपला काकवीच्या जवळपास बारापट पाणी उडवावे लागते. काकवीसाठी लागणारे इंधन तर उसाच्या चिपाडातूनच मिळते. मेपल उत्पादकांनी हा खर्च कमी करण्यासाठी पाणी शुद्धीकरणात वापरले जाणारे रिव्हर्स ऑस्मोसिस तंत्र उलटे वापरले. आपल्याकडे त्यातून शुद्ध पाणी ठेवतात आणि उरलेले टाकतात, ते पाणी टाकतात आणि उरलेला दाट रस ठेवतात. २ टक्क्यांचा रस ८ टक्क्यांवर आणला, तरी तीन चतुर्थांश पाणी आच न लावताच निघून जाते. तरीही उत्पादन खर्चाच्या शर्यतीत काकवीच पुढे आहे. म्हणजे मेपलला मिळणारा भाव स्वस्त उत्पादनातून आलेला नाही.

मग मेपलला भाव कशामुळे मिळतो?

त्यामागे चव आहे, तशीच एक शिस्तही आहे. जगातील सुमारे ७० टक्के मेपल सिरप एकट्या क्युबेकमधून येते. तेथील उत्पादकांची संघटना १९६६ पासून आहे. लहान बाटल्या उत्पादक थेट ग्राहकाला विकू शकतात, पण पिंपांतील घाऊक माल संघटनेमार्फतच जातो. प्रत्येक पिंपाची तपासणी आणि प्रतवारी होते. कॅनडात सिरपची घनता ६६ ते ६८.९ टक्के याच पट्ट्यात असावी लागते. त्याहून पातळ असेल तर आंबते, दाट असेल तर तळाशी खडे धरतात.

संघटनेने २००० मध्ये राखीव साठा सुरू केला आणि २००४ पासून उत्पादनाचा कोटा ठरवून दिला. मेपलचे पीक हवामानावर कमालीचे अवलंबून असते. क्युबेकमध्ये २०२३ च्या हंगामात सुमारे ५६ हजार टन सिरप झाले, तर २०२४ मध्ये सुमारे १ लाख ८ हजार टन. म्हणजे वर्षभरात जवळपास दुप्पट. असा माल जसा येईल तसा बाजारात सोडला असता तर भाव कोसळला असता. त्यामुळे जादा माल पिंपांत निर्जंतुक करून साठवला जातो आणि टंचाईत बाहेर काढला जातो. २०२१ मध्ये मागणी वाढली आणि पीक कमी आले, तेव्हा या साठ्यातून सुमारे ५ कोटी पौंड, म्हणजे २२ हजार टनांहून अधिक सिरप सोडण्यात आले.

ही व्यवस्था निर्दोष नाही. कोट्याला विरोध करणारे उत्पादक न्यायालयात गेले, काहींनी माल शेजारच्या प्रांतात चोरून विकला. २०११-१२ मध्ये तर या साठ्यातूनच सुमारे ३ हजार टन सिरप चोरीला गेले. त्याची किंमत १ कोटी ८० लाख कॅनेडियन डॉलरच्या घरात होती. मात्र, ग्राहकाच्या दृष्टीने एक गोष्ट पक्की राहिली. बाटलीवर मेपल सिरप लिहिले असेल, तर आत मेपलचाच आटवलेला रस असणार.

कोडोलीच्या शेतकऱ्यापुढे पर्याय कोणते?

कोडोली हे पन्हाळा तालुक्यातील, वारणा खोऱ्यातील मोठे गाव. शेजारीच वारणानगर आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणा सहकारी साखर कारखाना. या पट्ट्यातील ऊस उत्पादकापुढे ढोबळमानाने दोन वाटा असतात. ऊस कारखान्याला घालायचा किंवा गुऱ्हाळाला.

कारखान्याची वाट सोपी आहे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला. त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३.४६ रुपये जादा. कोल्हापूर विभागाचा उतारा राज्यात वरच्या क्रमांकावर असतो. उदाहरणादाखल १२ टक्के उतारा धरला, तर टनाला सुमारे ४ हजार १५५ रुपये होतात. यातून तोडणी आणि वाहतूक वजा होते. पैसे १४ दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे, उशीर झाल्यास १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. त्यासाठी दरवर्षी आंदोलने करावी लागतात, ही वेगळी गोष्ट. पण दर आधी माहीत असतो आणि दाद मागायला जागा असते. शिवाय कारखान्याकडे साखरेसोबत इथेनॉल, वीज, मळी अशी उत्पन्नाची इतर दारे आहेत.

गुऱ्हाळाला यातले काहीच नाही. केंद्राच्या २०२५ च्या साखर नियंत्रण आदेशाने दिवसाला ५०० टनांहून अधिक गाळप क्षमतेची खांडसरी युनिट चौकटीत आली. दिवसाला काही टन ऊस गाळणारी पारंपरिक गुऱ्हाळे त्याबाहेरच आहेत. त्यांना दराचे बंधन नाही, तसा आधारही नाही.

गुऱ्हाळाचा हिशेब का जुळत नाही?

एक टन उसातून साधारण १०० ते १२० किलो गूळ निघतो. सरासरी ११० किलो धरू. कारखान्याइतकाच दर गुऱ्हाळाने उसाला द्यायचा ठरवला, तर किलोभर गुळात नुसता ऊसच सुमारे ३८ रुपयांचा पडतो. त्यावर गुळव्या, चुलवाणाजवळचा माणूस, घाण्यावरची आणि चिपाड वाळवणारी माणसे, वीज, साफसफाईची सामग्री, पॅकिंग, वाहतूक, बाजारातील खर्च. समजा सौद्यात किलोला ४० रुपये मिळाले, तर हे सारे २ रुपयांत बसवावे लागेल. ते बसत नाही. ४५ रुपये मिळाले तरी हात राखूनच खर्च करावा लागतो.

मजुरांचा प्रश्न वेगळा आहे. गुऱ्हाळावरील काम पहाटे सुरू होते, आगीजवळचे असते आणि वर्षातील काही महिनेच चालते. कसबी गुळव्यांची पुढची पिढी त्यात येत नाही. उचल देऊनही माणसे मिळण्याची खात्री नसते. जिल्ह्यातील गुऱ्हाळांची संख्या गेल्या दोन-तीन दशकांत झपाट्याने घटली, त्यामागे ही दोन कारणे ठळक आहेत.

साठवणुकीचे दुखणे तिसरे. गूळ हवेतील ओल शोषतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो पाझरतो, काळा पडतो. शीतगृहात ठेवण्याची ऐपत व्यापाऱ्याची असते, शेतकऱ्याची क्वचितच. त्यामुळे रवे तयार झाले की ते सौद्यात न्यावेच लागतात. क्युबेकच्या राखीव साठ्याने जे ओझे उत्पादकाच्या डोक्यावरून उतरवले, ते येथे त्याच्याच डोक्यावर आहे.

गुळात साखर का मिसळली जाते?

कोल्हापुरी गुळाचा नावलौकिक जुना आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरी बाजारपेठेने त्याला व्यापार दिला. गुजरात हा आजही मोठा ग्राहक. २०१४ मध्ये कोल्हापूर गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. याच गुळात साखर मिसळल्याच्या तक्रारी आणि त्यावरील कारवाया मात्र अनेक हंगाम सुरू आहेत.

यामागे साधे गणित आहे. साखर म्हणजे आधीच आटवलेला, स्वच्छ केलेला ऊस. काहिलीत एक किलो साखर टाकली, की एक किलो गूळ वाढतो. त्यासाठी ना ऊस चिरडावा लागतो, ना पाणी उडवावे लागते. ज्या दिवशी साखर गुळापेक्षा स्वस्त असते, त्या दिवशी हा मोह वाढतो. शिवाय साखरेने गूळ घट्ट बसतो आणि पिवळाधमक दिसतो.

रंग हे दुसरे कारण. सौद्यात फिकट पिवळ्या गुळाला दर चांगला मिळतो. त्यामुळे रसात हायड्रॉस पावडर, म्हणजे गंधकयुक्त विरंजक, टाकले जाते. अन्न सुरक्षा मानकांनुसार गुळात सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत ७० भागांपेक्षा अधिक नसावे. प्रत्यक्षात ग्राहक रंग पाहतो, प्रमाण पाहत नाही. म्हणजे प्रामाणिक, तपकिरी गूळ करणाऱ्याला बाजार दंड करतो आणि पावडर टाकणाऱ्याला बक्षीस देतो.

मेपलबाबतही एकेकाळी हेच होते. कॅनडात फिकट सिरपला क्रमांक एक, गडद सिरपला क्रमांक तीन अशी प्रतवारी होती. २०१४ च्या अखेरीस ती बदलण्यात आली. आता सोनेरी, अंबर, गडद आणि अतिगडद हे चारही प्रकार ‘अ’ श्रेणीचेच मानले जातात. रंग हा दर्जा नसून चवीचा प्रकार आहे, असे नियमानेच सांगितले. गडद सिरपला त्यामुळे हलक्या मालाचा शिक्का राहिला नाही.

प्रयोगशाळेत भेसळ पकडता येत नाही का?

या प्रश्नात कोल्हापुरी गुळाची खरी अडचण आहे. मेपल सिरपमध्ये उसाची साखर मिसळली, तर ती पकडण्याची खात्रीशीर पद्धत आहे. वनस्पती हवेतील कार्बन दोन मुख्य मार्गांनी बांधतात. मेपल, बीट, बहुतेक झाडे एका मार्गाने, तर ऊस आणि मका दुसऱ्या मार्गाने. त्यामुळे त्यांच्या साखरेतील कार्बन-१३ या जड कार्बनचे प्रमाण वेगळे असते. मेपलच्या बाटलीत उसाची साखर आली, की हे प्रमाण बदलते आणि यंत्र ते दाखवते. मधातील भेसळीसाठीही हीच चाचणी वापरतात. बीटची साखर मात्र मेपलच्याच गटातील असल्याने या चाचणीतून निसटते, तिच्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात.

गुळाचे नेमके तसेच होते. गूळही उसाचा आणि साखरही उसाची. कार्बनची चाचणी दोघांत फरक करू शकत नाही. उरते ती मानकांची चाचणी. अन्न सुरक्षा नियमांनुसार गुळात सुक्रोज ६० टक्क्यांपेक्षा कमी नसावे, एकूण साखर ९० टक्क्यांपेक्षा कमी नसावी. म्हणजे मर्यादा खालच्या बाजूने आहे. साखर मिसळली, तर सुक्रोज वाढतेच. खनिजे आणि रंगद्रव्ये कमी झाल्याचे मोजून संशय घेता येतो, पण ती उसाची जात, माती आणि खतांनुसारही बदलतात. परिणामी साखर मिसळलेला रवा त्या दोन कसोट्यांवर सहज उत्तीर्ण होऊ शकतो.

म्हणूनच भौगोलिक मानांकन पुरेसे ठरत नाही. मानांकन नावाचे रक्षण करते, अधिकृत वापरकर्त्यांची नोंद करते. परजिल्ह्यातील किंवा परराज्यातील गूळ कोल्हापुरी म्हणून विकण्यास त्याने कायद्याने आडकाठी होते. काहिलीत काय पडले, हे ते पाहत नाही.

मग शुद्धतेची खात्री कशी देणार?

माल तपासून भेसळ सापडत नसेल, तर प्रक्रिया तपासावी लागते. येथे वजनकाटा प्रयोगशाळेपेक्षा उपयोगी ठरू शकतो. एका टन उसातून १०० ते १२० किलो गूळ निघतो, जात आणि घाणा चांगला असेल तर थोडा अधिक. गुऱ्हाळावर दिवसभरात किती ऊस आला आणि किती गूळ गेला, याची नोंद ठेवली, तर हिशेबच बोलतो. १० टन उसातून १,८०० किलो गूळ निघाल्याचे दिसले, तर वरचा गूळ उसातून आलेला नाही, हे सांगायला कार्बनची चाचणी लागत नाही. प्रत्येक आदणाला क्रमांक, त्यापुढे उसाचे वजन, रसाची घनता, गुळाचे वजन, असा साधा तक्ता पुरे. रसाची घनता मोजणारा हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि तापमापक ही महागडी यंत्रे नाहीत.

अर्थात नोंदी खोट्याही ठेवता येतात. त्या तपासणारा त्रयस्थ लागतो आणि त्याचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. क्युबेकमध्ये तो उत्पादकांच्या संघटनेच्या व्यवस्थेतून भागतो. एकट्या गुऱ्हाळमालकाला तो झेपणार नाही. दहा-वीस गुऱ्हाळे एकत्र आली, तर झेपू शकतो.

सुरुवात काकवीपासून का करता येईल?

पहिले कारण वजनाचे. ज्या एक टन उसातून ११० किलो गूळ निघतो, त्यातूनच १४० किलोंच्या आसपास काकवी मिळते, कारण तीत पाणी अधिक राहते. उसाचा खर्च किलोमागे ३० रुपयांच्या आसपास येतो. आच कमी, वेळ कमी. दुसरे कारण बाजाराचे. गुळाचे दर सौद्यात ठरतात, काकवी मात्र लहान बाटलीत थेट ग्राहकाला विकता येते. तिसरे कारण रंगाचे. काकवी गडदच असते, ग्राहकाला ती तशीच हवी असते. त्यामुळे विरंजकाचा मोह राहत नाही.

अडचणीही आहेत. काकवी पातळ राहिली तर आंबते, दाट झाली तर तळाशी साखरेचे खडे धरतात. त्यासाठी घनता मोजूनच उतरवणे, थोडे सायट्रिक ॲसिड वापरणे, गाळून निवळू देणे, गरम असतानाच स्वच्छ कोरड्या बाटलीत भरणे या गोष्टी सांभाळाव्या लागतात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र कोल्हापुरातच आहे. गुळासाठी उपयुक्त ठरलेली को ९२००५ ही उसाची जात येथील शेतकऱ्यांना परिचित आहे. म्हणजे ज्ञान दूर नाही.

करातील एक अडथळाही कमी झाला आहे. द्रवरूप गुळाचा उत्तरेकडील प्रकार म्हणजे राब. त्यावरील जीएसटी १८ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मधील परिषदेच्या बैठकीत सुट्या मालावर शून्य आणि वेष्टनबंद, लेबल लावलेल्या मालावर ५ टक्के कर करण्याचा निर्णय झाला. मात्र, यातही एक विसंगती उरते. बाटलीवर नाव, तारीख, घनता लिहून विकणाऱ्याला कर आहे, सुटी विकणाऱ्याला नाही.

काकवी आरोग्यासाठी चांगली, हे खरे का?

मेपल सिरप आणि काकवी दोन्ही ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जातात. दोन्हींत पांढऱ्या साखरेत नसलेली काही खनिजे असतात, हे खरे. पण दोन्हींचा मुख्य घटक साखरच आहे. मधुमेह असलेल्या व्यक्तीसाठी काकवी मोकळीक देत नाही. काकवीचे भांडवल आरोग्याचे दावे नसून चव आणि शुद्धता हे आहे. फुगवलेल्या दाव्यांवर उभा राहिलेला बाजार पहिल्याच वादात कोसळतो.

पुढे काय?

कोडोली परिसराने सहकार पाहिलेला आहे. वारणा खोऱ्यात उसापाठोपाठ दूधही सहकारातूनच उभे राहिले. दुधाच्या संकलनात प्रत्येक उत्पादकाचे माप आणि फॅट नोंदवले जाते आणि त्यानुसार पैसे मिळतात, हे येथील घराघरांत माहीत आहे. गुळाला आणि काकवीला नेमकी हीच व्यवस्था मिळालेली नाही. माप, प्रत, नोंद आणि त्यानुसार दर.

क्युबेकचे कोटे, सक्तीची विक्री येथे आणणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. पण तीन गोष्टी आणता येतील. रंगाऐवजी प्रक्रियेवर आधारलेली प्रतवारी, उसाच्या आणि गुळाच्या वजनाचा जाहीर ताळमेळ, आणि पावसाळ्याआधीच्या घाईच्या विक्रीतून सोडवणारी सामाईक साठवण. यातील पहिल्या दोन गोष्टींना इमारत लागत नाही, निर्णय लागतो. तो बाजार समिती, मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते आणि गुऱ्हाळमालक यांनी मिळून घ्यावा लागेल.

तो न झाल्यास काय होईल, हेही आकडे सांगतात. एफआरपी वाढत राहील, तसा गुऱ्हाळाला लागणारा ऊस महाग होत जाईल. शुद्ध गूळ करणारा त्या दराशी आधी हरेल आणि साखर मिसळणारा नंतर. मानांकन कागदावर राहील, पण ज्या काहिलीसाठी ते मिळाले, ती थंड झालेली असेल.